‘हॅड बीन’ लावूनही वाक्य का चुकतं? पूर्ण चालू भूतकाळातल्या या चुका टाळा

‘कर्ता, हॅड बीन आणि आयएनजी लावलेलं क्रियापद’ हे सूत्र दहावीच्या मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. कर्ता कुणीही असो, ‘हॅड’ बदलत नाही, म्हणजे ‘हॅज-हॅव’च्या भानगडीपेक्षा हे सोपंच. तरी वाक्यं चुकतात, कारण सूत्र पाठ असतं पण वेळेकडे लक्ष नसतं. या काळाला भूतकाळातला एक ठरावीक क्षण लागतो आणि त्या क्षणाच्या आधीपासून चालत आलेली क्रिया लागते. असा क्षण वाक्यात किंवा मागच्या-पुढच्या मजकुरात सापडत नसेल, तर हा काळ वापरायचं कारणच नाही.

सगळ्यात जास्त दिसणारं वाक्य घ्या: ‘व्हेन द बस केम, वी वेअर वेटिंग सिन्स टू अवर्स.’ यामागचं मराठी लगेच कळतं. एसटी आली तेव्हा आम्ही दोन तासांपासून वाट बघत होतो. मराठीत ‘बघत होतो’ एवढ्यावर भागतं. किती वेळ ते ‘दोन तासांपासून’ सांगून टाकतं. इंग्रजीत मात्र बस येईपर्यंतचा कालावधी सांगायचा म्हटला की क्रियापदाचंही रूप बदलतं, म्हणून ‘हॅड बीन वेटिंग’. दुसरी चूक ‘सिन्स’ची. ‘पासून’ दिसलं की ‘सिन्स’ ठोकायचं, ही सवय सोडा. दोन तास, तीन वर्षं असा मोजलेला कालावधी असेल तर ‘फॉर’. सकाळ, सोमवार, 2019 अशी सुरुवात सांगितली असेल तर ‘सिन्स’. दुरुस्त वाक्य: ‘व्हेन द बस केम, वी हॅड बीन वेटिंग फॉर टू अवर्स.’

मुलाखतीत महागात पडते ती चूक वेगळी. ‘आय हॅड बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असं म्हणून थांबलात, तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही नोकरी सोडली. अजून तिथेच असाल तर ‘हॅव बीन वर्किंग’ म्हणा. वर्तमानाशी संबंध असताना ‘हॅड’ आणायचं नाही.

आता पावसाचं बघा. ‘व्हेन आय केम आउट, इट वॉज रेनिंग’ म्हणजे बाहेर आलो तेव्हा पाऊस चालू होता, छत्री हवी. ‘द रोड वॉज वेट बिकॉज इट हॅड बीन रेनिंग’ म्हणजे पाऊस आधी पडत होता, त्याच्या खुणा तेव्हा दिसत होत्या. बहुधा तो तोवर थांबला होता. लाल झालेले डोळे, चिखलाचे बूट, धाप लागणं, अशा ‘मागे काय चाललं होतं’ सांगणाऱ्या जागी हा काळ शोभतो. व्याकरणाच्या पुस्तकांत कालावधीचीच उदाहरणं जास्त असल्यामुळे हा उपयोग मुलांच्या लक्षातच येत नाही.

‘मी त्याला दहा वर्षांपासून ओळखत होतो’ याचं ‘हॅड बीन नोइंग’ करू नका. ‘नो’, ‘ओन’, ‘बिलॉन्ग’ ही स्थिती सांगणारी क्रियापदं, त्यांना इथे आयएनजी लागत नाही: ‘आय हॅड नोन हिम फॉर टेन इयर्स.’ किती कामं पुरी झाली हा आकडा आला तरी तेच. ‘शी हॅड रिटन फोर लेटर्स’ बरोबर. पण दुपारपर्यंत लिहिण्यातच गुंतली होती असं सांगायचं तर ‘शी हॅड बीन रायटिंग लेटर्स ऑल मॉर्निंग’.

काही जण हे सगळं शिकल्यावर उलट टोक गाठतात आणि ‘काल’ आलं की ‘हॅड’ लावतात. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ याला ‘आय वेंट टू पुणे येस्टरडे’ पुरे. ‘काल क्रिकेट खेळत होतो’ याला ‘आय वॉज प्लेइंग’. त्यापुढची दुसरी घटना सांगायची नसेल तर ‘हॅड’ उगाच लटकत राहतं.

राहिला प्रयोगबदल. ‘हॅड बीन बीइंग बिल्ट’ असलं काही जुळवत बसू नका, ते कानाला खटकतं आणि सहसा कुणी वापरत नाही. कर्मणी हवंच असेल तर ‘हॅड बीन बिल्ट’ लिहा, पण तो पूर्ण भूतकाळ झाला, चालू नव्हे.