जुन्या डबे-पोत्यांचे वय कसे काढावे : विदर्भातील खेड्यांतील घरांसाठी

घरकुलासाठी जुने मातीचे घर पाडायला घेतले किंवा दिवाळीची झाडलोट निघाली, की माळ्यावरून, फडताळातून आणि गोठ्याच्या आढ्यावरून बऱ्याच वस्तू खाली येतात. त्यांतील तांब्या-पितळेचे गुंड, गडवे आणि कोपरे घरात राहतात. पत्र्याचे डबे, तेलाचे पिपे, बाटल्या, खताची पोती, बियाण्याच्या पिशव्या आणि काडेपेट्या मात्र भंगारवाल्याच्या गाडीत जातात. गावाने काय खाल्ले, काय पेरले आणि घरात उजेड कशाने केला याचा छापील पुरावा असतो तो या दुसऱ्या ढिगात, आणि तोच आधी नाहीसा होतो. म्हणून वस्तू विकण्यापूर्वी तिचे वय काढून नोंद करावी, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी दिवसाचा उजेड, एक भिंग, मऊ सुती कापड, वही आणि मोबाइलचा कॅमेरा एवढे पुरते.

सुरुवातीला एक नियम पक्का लक्षात घ्यावा. एकाच डब्यावर वेगवेगळ्या काळांतील खुणा असतात. त्यांपैकी सर्वांत अलीकडच्या खुणेपेक्षा तो डबा जुना असू शकत नाही. कारखान्याच्या नावाखाली ‘स्थापना १९३७’ असे छापलेले असेल, तर ते वर्ष कारखान्याचे आहे, डब्याचे नव्हे. मोठ्या अक्षरांतील हे वर्ष पाहूनच बहुतेक लोक फसतात. खूण असणे हा भक्कम पुरावा असतो. खूण नसणे हा कच्चा पुरावा असतो, कारण लहान कारखानदार नवा नियम उशिरा पाळत आणि छापून ठेवलेला माल संपेपर्यंत वापरत. गंजावरून तर वय कधीच ठरवू नये. गोठ्याच्या ओलाव्यात ठेवलेला पिपा काही पावसाळ्यांतच गंजून जातो, आणि चुलीजवळच्या कोरड्या कोनाड्यातील डबा अनेक दशके चकचकीत राहतो.

पत्ता आधी वाचावा

विदर्भातील वस्तूंच्या बाबतीत पत्त्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही, कारण या प्रदेशाचे राज्य एका पिढीच्या आयुष्यात तीनदा बदलले. पत्त्यात ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ किंवा ‘सी. पी. अँड बेरार’ असेल, तर छपाई साधारणपणे १९५० पूर्वीची आहे. २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्यामुळे ‘नागपूर, मध्य प्रदेश’ असा पत्ता दिसला तर तो चुकीचा छापला गेला असे समजू नये, उलट तो फार नेमका पुरावा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. ‘महाराष्ट्र’ हा शब्द राज्याचे नाव म्हणून छापलेला असेल, तर ती वस्तू १९६० नंतरची.

त्यानंतर जिल्हा पाहावा. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. विडीच्या कट्ट्यावरील कागदावर ‘गोंदिया, जि. भंडारा’ असेल तर तो बहुधा १९९९ पूर्वीचा आहे, आणि ‘जि. गोंदिया’ असेल तर नक्कीच त्यानंतरचा. ‘चांदा’ हे चंद्रपूरचे जुने नाव छापलेले असेल, तर आणखी मागे जावे लागते. शेवटी पिनकोड पाहावा. सहा अंकी पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि विदर्भातील पिनकोड ४४ ने सुरू होतात : नागपूर ४४०, वर्धा ४४२, बुलढाणा ४४३, अमरावती आणि अकोला ४४४, यवतमाळ ४४५. त्यापूर्वी मोठ्या शहरांना ‘बॉम्बे-१’ असे विभागाचे आकडे असत. पिनकोड आल्यावरही काही जण तसेच लिहीत राहिले, ही गोष्ट मनात ठेवावी.

वजन आणि किंमत

‘शेर’, ‘छटाक’, ‘तोळा’ किंवा ‘पौंड’ एवढेच छापलेले असेल, तर वस्तू दशमान पद्धत रुळण्यापूर्वीची असते. वजनमापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती सर्वत्र सक्तीची झाली. एक शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि चाळीस शेरांचा मण म्हणजे सुमारे ३७.३ किलो. घरात लोखंडी वजन सापडले तर ते उलटे करून पाहावे. शिसे भरलेल्या खोबणीवर निरीक्षकाचे ठसे असतात आणि पडताळणीचे वर्ष बहुधा त्यांतच वाचता येते. पायली-कुडवावरून मात्र वय काढू नये, कारण धान्य मापायला ती मापे कायद्यानंतरही गावोगाव चालू राहिली.

किमतीत आणे असतील तर ती १ एप्रिल १९५७ पूर्वीची किंवा त्याच्या आसपासची छपाई असते. ‘नये पैसे’ किंवा ‘न. पै.’ हे तर सोन्यासारखे आहे, कारण नये पैसे १९५७ च्या त्याच दिवशी आले, ‘नया’ हा शब्द १९६४ मध्ये वगळण्यात आला आणि त्यामुळे काळ जेमतेम सात वर्षांत बांधला जातो. वेष्टणावर निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि किंमत छापण्याचे देशभराचे नियम १९७७ चे आहेत. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत १९९० पासून आली. त्याआधीच्या वेष्टणांवर ‘स्थानिक कर वेगळे’ अशा अर्थाचा मजकूर असतो. ₹ हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले गेले, म्हणून ते ज्या पुड्यावर आहे तो पुडा त्याहून जुना नाही.

अलीकडच्या वेष्टणांसाठी चार-पाच खुणा पुरेत. शाकाहाराचा हिरवा ठिपका २००१ पासूनचा आहे. ८९० ने सुरू होणारे भारतीय बारकोड नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून दिसू लागले. अन्नपदार्थांवरील चौदा अंकी परवाना क्रमांक २०११ नंतरचा आणि २७ ने सुरू होणारा महाराष्ट्राचा जीएसटी क्रमांक १ जुलै २०१७ नंतरचा. विडी-तंबाखूच्या पुड्यावर चित्रासह इशारा असेल तर तो पुडा ३१ मे २००९ नंतरचा. रॉकेलच्या जुन्या पिप्यावर ‘बर्मा-शेल’ असा ठसा असेल तर तो १९२८ ते १९७६ या काळातील, कारण १९७६ मध्ये ती कंपनी सरकारने ताब्यात घेतली.

पोती आणि बियाण्याच्या पिशव्या

कापूस-सोयाबीनच्या आपल्या मुलखात सर्वांत जास्त माहिती या ढिगातून मिळते आणि सर्वांत कमी जपला जातो तोही हाच ढीग. तागाच्या बारदान्याची जागा प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्याने घेतली, आणि त्या पोत्यांची घरोघर पाले झाली, निंदणाच्या वेळी डोक्यावर घ्यायच्या खोळी झाल्या, अंगणात मिरची वाळवायची अंथरणे झाली. असे शिवलेले पाल सापडले तर ते उलटून शिवण पाहावी. छापील बाजू बहुधा आत घेतलेली असते. तेथे ऊन पोहोचलेले नसल्यामुळे बाहेरून पांढऱ्या पडलेल्या पोत्याची अक्षरे शिवणीच्या दुमडीत अजून गडद निळी किंवा हिरवी राहिलेली असतात. शिवण उसवू नये, दुमड फक्त अलगद उघडून फोटो घ्यावा.

युरियाच्या पोत्यावरील वजन नीट वाचावे. वर्षानुवर्षे ५० किलोचे असलेले पोते २०१८ मध्ये ४५ किलोचे झाले. आणि ‘भारत युरिया’ असे एकच नाव सर्व कंपन्यांच्या पोत्यांवर २०२२ च्या अखेरीपासून येऊ लागले. या दोन खुणांवरून गेल्या दशकातील पोती सहज वेगळी करता येतात.

बियाण्याच्या पिशवीला शिवलेले लहानसे लेबल हा तिचा प्राण आहे. पायाभूत बियाण्याचे लेबल पांढरे आणि प्रमाणित बियाण्याचे निळे असते, आणि त्यावर वाण, लॉट क्रमांक व चाचणीची तारीख असते. पिशवी फाटली तरी लेबल जपावे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे नाव असेल तर पिशवी १९६९ नंतरची, कारण विद्यापीठ त्या वर्षी स्थापन झाले. संकरित कापूस १९७० पासूनचा आहे. त्यापूर्वी बहुतेक घरांत सरकी घरचीच राखलेली असे. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि दुसऱ्या पिढीच्या बीटीला २००६ मध्ये, म्हणून ‘बीजी-२’ ही अक्षरे निर्णायक ठरतात. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याची लहान पुडी येत असे. कडेने पेरायची ती पुडी अनेक घरांत न फोडता तशीच पडून राहिली, आणि ती सापडली तर मोठ्या पाकिटाइतकीच मोलाची मानावी.

कीटकनाशकाच्या डब्यांना मात्र हे कुतूहल लागू करू नये. त्यांवरील लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग विषाची तीव्रता सांगतो आणि लाल सर्वांत घातक असतो. बी.एच.सी. पावडरवर १९९७ मध्ये आणि एन्डोसल्फानवर २०११ मध्ये बंदी आली, तरी त्यांचे डबे आजही काही गोठ्यांत आहेत. असा डबा घरात आणू नये, धुऊ नये, पुसू नये आणि त्यात पाणी किंवा धान्य तर कधीच ठेवू नये. उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहून लांबूनच फोटो काढावा आणि विल्हेवाटीसाठी कृषी विभागाला कळवावे.

एक डबा तपासून पाहू

माझ्यापुढे वनस्पती तुपाचा एक डबा आहे. वरचा काठ कात्रीने वाकडातिकडा कापून आत दुमडलेला आहे, दोन बाजूंना खिळ्याने भोके पाडून तारेची कडी ओवलेली आहे आणि आतल्या सांध्यात अजून तिखटाचा लालसर थर आहे. हात लागून एका बाजूची छपाई गेली आहे; दुसऱ्या बाजूला ‘किलो’, ‘बॉम्बे-१’ आणि ‘महाराष्ट्र’ एवढे वाचता येते. किंमत, महिना आणि पिनकोड कोठेच नाहीत. ‘किलो’वरून डबा १९५८ नंतरचा आणि ‘महाराष्ट्र’वरून १९६० नंतरचा ठरतो, हे पक्के. किंमत-महिना नसल्यामुळे तो १९७७ पूर्वीचा आणि पिनकोड नसल्यामुळे कदाचित १९७२ पूर्वीचा असावा, हा अंदाज. वहीत ‘१९६० ते १९७७, बहुधा पहिला अर्धा काळ’ असे लिहावे आणि यापेक्षा नेमके वर्ष लिहिण्याचा मोह टाळावा. तिखटाचा थर आणि तारेची कडी ही डब्याच्या दुसऱ्या आयुष्याची नोंद आहे, म्हणून ती घासून काढू नये.

वडीलधाऱ्यांना विचारताना ‘हे कोणत्या साली आणले?’ असे विचारून उपयोग होत नाही. साल सहसा आठवत नाही, प्रसंग आठवतो. ‘काय वो आजी, हा डबा आणला तवा गावात लाईन आली होती काय?’ असे विचारले की उत्तर लगेच येते. बहात्तरचा दुष्काळ, घरातले लग्न, गावात वीज आल्याचे वर्ष, नरखेड तालुक्याच्या बाजूला असाल तर १९९१ चा मोवाडचा पूर, यांच्या आधीची वस्तू की नंतरची एवढे कळले तरी छापील खुणांना मोठा आधार मिळतो. आहेरातील स्टीलच्या भांड्यावर ठिपक्यांनी कोरलेले नाव आणि तारीख असते. ती तारीख देण्याची आहे, भांडे घडवण्याची नव्हे, पण घरातील इतर वस्तू तिच्याशी जुळवून पाहता येतात.

स्वच्छ करताना हात आखडता ठेवावा. राख-चिंचेने पितळ उजळते, पण छापील पत्र्यावरचा रंग त्याच घासण्याने जातो. तेथे कोरडे मऊ कापडच वापरावे. कागदी लेबलाला पाणी लावू नये, त्यावर चिकटपट्टी लावू नये आणि ते लॅमिनेटही करू नये, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. सुटलेले टोक मैद्याच्या पातळ खळीने चिकटवावे. डब्याच्या आत जुने वर्तमानपत्र अंथरलेले असेल तर ते काढण्यापूर्वी तारखेसह फोटो घ्यावा. ती तारीख डब्याची नसली तरी तो वापरात कधी होता हे सांगते. वस्तू भिंतीपासून थोडी दूर, जमिनीवर न टेकवता फळीवर ठेवावी, म्हणजे वाळवी आणि पावसाळ्यातील ओल लवकर लक्षात येते.

प्रत्येक वस्तूला शाईच्या पेनने नव्हे, तर दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीने क्रमांक द्यावा. वहीत त्या क्रमांकापुढे वस्तू कोणत्या घरात आणि घरात नेमकी कोठे मिळाली, त्यावर काय छापलेले आहे ते अक्षरशः, त्यावरून काढलेला काळ आणि घरच्यांनी सांगितलेली आठवण, असे वेगवेगळे रकाने ठेवावेत. छापील मजकूर आणि आठवण एकाच रकान्यात लिहिली, तर पुढे वाचणाऱ्याला पुरावा कोणता आणि सांगोवांगी कोणते हे वेगळे करता येणार नाही. फोटो सर्व बाजूंनी आणि तळाचाही घ्यावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि वस्तू ठेवायला खरेच जागा नसेल तर ही नोंद पूर्ण झाल्यावरच ती भंगारात द्यावी.