वेब प्रोग्रॅममध्ये तारीख एक दिवसाने का सरकते आणि ती जागेवर कशी ठेवावी

विद्यार्थी-नोंदणीचा एक फॉर्म मी लिहिला होता. काही दिवसांनी एका पालकांची तक्रार आली, की मुलीची जन्मतारीख १५ ऑगस्ट २०१० अशी भरली, पण छापील प्रतीवर १४ ऑगस्ट येते. फॉर्मवर तारीख बरोबर दिसत होती आणि डेटाबेसमध्ये ती चुकीची होती, म्हणजे मधल्या वाटेवर एक दिवस हरवत होता. चूक माझ्या एका ओळीत होती. कॅलेंडरवर निवडलेली तारीख जावास्क्रिप्टच्या (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या) ‘डेट’ वस्तूत भारतीय प्रमाणवेळेनुसार मध्यरात्री ००:०० अशी येत होती. तिच्यावर मी ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ हे फंक्शन चालवून उत्तरातील पहिली दहा अक्षरे कापून घेत होतो. हे फंक्शन नेहमी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, देते, आणि भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे १५ ऑगस्टची आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीनुसार १४ ऑगस्टचे १८:३०. त्यामुळे त्या दहा अक्षरांत १४ तारीखच उरत होती.

अशी चूक टाळण्याची पहिली पायरी कोड लिहिण्याआधीची आहे. हाती असलेली माहिती ‘दिवस’ आहे की ‘क्षण’, हे प्रत्येक रकान्यासाठी आधी ठरवावे. जन्मतारीख, सुट्टी, अर्जाची शेवटची तारीख हे दिवस आहेत. त्यांना तास-मिनिटे नसतात, आणि म्हणून कोणत्याही देशाच्या प्रमाणवेळेशी त्यांचा संबंध जोडू नये. पैसे जमा झाल्याची वेळ किंवा लॉगिनची नोंद हा क्षण असतो आणि तो साऱ्या जगासाठी एकच असतो, मग घड्याळे वेगवेगळी दाखवोत. माझ्या फॉर्ममध्ये दिवसाला क्षण मानले गेले, एवढेच घडले होते.

दुसरी पायरी साठवणीची. दिवस साठवायचा असेल तर डेटाबेसमध्ये ‘डेट’ प्रकारचाच कॉलम घ्यावा आणि तारीख आयएसओ ८६०१ या मानकाच्या क्रमाने, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, अशी द्यावी: २०२४-०३-०५. (संगणकात हे आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत असावेत.) हे मानक १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्याचा व्यावहारिक फायदा असा, की या रूपातील तारखा साधा मजकूर म्हणून क्रमाने लावल्या तरी त्यांचा कालक्रम बरोबर येतो. दिवस-महिना-वर्ष अशा मजकुराच्या कॉलममध्ये मात्र ०१/१२/२०२४ ही डिसेंबरची तारीख ०२/०१/२०२४ या जानेवारीच्या तारखेच्या आधी येऊन बसते. क्षण साठवताना तो यूटीसीमध्ये साठवावा. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ‘टाइमस्टॅम्प’ प्रकाराची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी संपते, हे दूरच्या मुदतींच्या बाबतीत लक्षात ठेवावे.

तिसरी पायरी म्हणजे तारीख फॉर्म भरणाऱ्याकडून घेणे. ब्राउझरचा ‘डेट’ प्रकारचा इनपुट वापरल्यास पडद्यावर तारीख भरणाऱ्याच्या सवयीच्या क्रमाने दिसते, पण कोडला मिळणारे मूल्य नेहमी वर्ष-महिना-दिवस असेच असते. ते जसेच्या तसे सर्व्हरकडे पाठवावे, मध्ये ‘डेट’ वस्तू करू नये. माझी दुरुस्ती एवढीच होती. साधा मजकुराचा रकाना ठेवावाच लागला, तर मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक येतील हे गृहीत धरावे. जावास्क्रिप्टला देवनागरी ‘०५’ ही संख्या म्हणून कळत नाही, म्हणून तपासणीच्या आधी ते अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत. मराठी माणसाने मराठीत भरलेला अर्ज ‘अवैध तारीख’ म्हणून परत यावा, हे मला मनापासून खटकते.

चौथ्या पायरीला, म्हणजे मजकुरातून तारीख वाचण्याला, सर्वाधिक वेळ द्यावा. जावास्क्रिप्टमध्ये ‘न्यू डेट’ला केवळ २०२४-०३-०५ असा मजकूर दिला, तर तो यूटीसीची मध्यरात्र मानला जातो, त्याच्यापुढे वेळ जोडली पण प्रमाणवेळ लिहिली नाही, तर तो स्थानिक वेळ मानला जातो. भारतात बसून काम करणाऱ्याला यातला पहिला धोका दिसतच नाही, कारण यूटीसीची मध्यरात्र आपल्याकडे त्याच दिवसाची पहाटेची साडेपाच असते आणि तारीख बरोबर उमटते. तेच पान न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाने उघडले, की ५ मार्चच्या कार्यक्रमाची तारीख ४ मार्च दिसते. म्हणून मजकुराचे तीन तुकडे करून ‘न्यू डेट’ला वर्ष, महिना, दिवस असे वेगळे आकडे द्यावेत, तेथे महिने शून्यापासून मोजले जातात, त्यामुळे मार्चसाठी २ लिहावा. शिवाय ३१ फेब्रुवारी दिली तरी जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही, तर मुकाट्याने मार्चमधली तारीख बनवते. तारीख तयार झाल्यावर तिचा महिना व दिवस परत काढून मूळ आकड्यांशी ताडून पाहणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत विरामचिन्हावरून अर्थ बदलतो. मजकुरातून तारीख वाचणाऱ्या ‘स्ट्रटोटाइम’ फंक्शनला ०५/०३/२०२४ असे तिरक्या रेघांनी दिले तर ते अमेरिकी पद्धतीने ३ मे असे वाचते, आणि ०५-०३-२०२४ असे आडव्या रेघांनी दिले तर ५ मार्च. १३/०३/२०२४ दिल्यास ते अपयशी ठरते, म्हणजे महिन्याच्या १३ तारखेपासून चूक उघड होते आणि पहिल्या १२ तारखांना लपून राहते. तेथे ‘क्रिएट-फ्रॉम-फॉरमॅट’ला नेमका क्रम सांगावा आणि ‘चेकडेट’ने तारीख खरी आहे याची खात्री करावी.

दाखवण्याचे काम त्यामानाने सोपे आहे. ब्राउझरच्या ‘इंटल-डेट-टाइम-फॉरमॅट’ला मराठी-भारत ही भाषा आणि महिना नावाने हवा हे सांगितले, की महिन्याचे नाव मराठीत आणि आकडे देवनागरीत येतात, महिन्यांच्या नावांची यादी स्वतः लिहिण्याची गरज नाही. क्षण दाखवताना प्रमाणवेळही स्पष्ट सांगावी, भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’. असे तयार झालेले रूप मात्र पुन्हा वाचायला किंवा साठवायला कधीही वापरू नये.

शेवटी तपासणी. क्रोमच्या डेव्हलपर टूलमधील ‘सेन्सर्स’ विभागात ठिकाण बदलले की प्रमाणवेळही बदलते. तेथे एकदा अमेरिकेतील शहर निवडून आणि एकदा मुंबई ठेवून तोच फॉर्म भरावा. २९ फेब्रुवारी २०२४, ३१ डिसेंबर आणि १२ पेक्षा लहान व मोठा दिवस असलेल्या तारखा वापराव्यात. ‘आजची तारीख’ दाखवणारे पान असेल, तर संगणकाचे घड्याळ रात्री एकवर नेऊन पाहावे: ती तारीख यूटीसीवरून काढली असेल, तर आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत तेथे कालचा दिवस दिसत राहील.