मोटारीचा एक्झॉस्ट हेडर: आखणी, धातू आणि जोडकाम

ट्रॅकवर धावणाऱ्या मोटारीसाठी एक्झॉस्ट हेडर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला जळका वायू बाहेर नेणाऱ्या वेगवेगळ्या पाइपांचा संच, करायचा ठरला की इंदूरमध्ये बहुतेक जण आधी पाइप विकत आणतात आणि तो इंजिनाभोवती कसा बसवायचा याचा विचार नंतर करतात. हा क्रम उलटा हवा. इंजिनाने कोणत्या आरपीएमला (मिनिटाला किती फेरे) सर्वाधिक जोर द्यावा हे आधी ठरवावे, त्यावरून पाइपची लांबी आणि आतला व्यास काढावा, मग कलेक्टरची, म्हणजे हे पाइप जिथे एकत्र येतात त्या भागाची, रचना आणि धातू निश्चित करावा, आणि त्यानंतरच लोहा मंडीची वाट धरावी. पुढील विवेचन चार सिलिंडरच्या, टर्बो नसलेल्या, साधारण १२०० सीसीच्या पेट्रोल इंजिनाला धरून केले आहे, कारण आपल्याकडील हौशी मंडळी ज्या जुन्या हॅचबॅक गाड्यांवर काम करतात त्यांची इंजिने बहुधा याच वर्गातली असतात.

कायद्याची बाजू प्रथमच सांगितलेली बरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या रचनेत मनाजोगा बदल करता येत नाही, आणि धूर व आवाजाच्या मर्यादा ओलांडल्यास कलम १९०(२) लागू होते. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) बहुधा मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या मूळ एक्झॉस्ट नळ्यांना, अगदी लागून असतो, त्यामुळे तिथे हेडर बसवणे म्हणजे कन्व्हर्टर काढणे किंवा हलवणे होय. म्हणून हे सारे केवळ बंदिस्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीसाठी आहे असे समजावे.

आता हेडर नेमके काय करतो ते पाहू. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा पिस्टन अजून खालीच जात असतो आणि सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्या क्षणी पाइपमधून दाबाची एक लाट सुटते. ती कलेक्टरला पोहोचून जागा एकदम मोठी झाली की तिथून कमी दाबाची लाट मागे फिरते. इनलेट आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात त्या अल्प वेळात ही परतीची लाट व्हॉल्व्हपाशी असेल, तर ती उरलेला जळका वायू ओढून घेते आणि ताज्या मिश्रणाला आत येण्यास मदत करते. तप्त वायूत अशी लाट सेकंदाला ५०० ते ६०० मीटर वेगाने धावते, आणि ६००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. पाइपची लांबी थोडी जरी बदलली तरी या भेटीची वेळ चुकते, आणि चुकीच्या वेळी दाबाची लाट परत आली तर जळका वायूच सिलिंडरमध्ये पुन्हा ढकलला जातो.

लांबी काढण्यासाठी ट्यूनिंग करणारे एक जुने अनुभवसिद्ध सूत्र वापरतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टनच्या तळबिंदूच्या जितके अंश आधी उघडतो त्यात १८० मिळवावेत, त्या बेरजेला ८५० ने गुणावे, अपेक्षित आरपीएमने भागावे आणि आलेल्या उत्तरातून ३ वजा करावेत. उत्तर इंचांत मिळते आणि ते व्हॉल्व्हच्या तोंडापासून मोजायचे असते. समजा व्हॉल्व्ह ५५ अंश आधी उघडतो आणि जोर ६००० आरपीएमला हवा आहे. तर २३५ गुणिले ८५० भागिले ६००० म्हणजे ३३.३, आणि त्यातून ३ वजा जाता ३०.३ इंच, म्हणजेच ७७० मिलिमीटर. इंजिनाच्या हेडमधल्या पोर्टची (वायू बाहेर पडण्याच्या मार्गाची) लांबी ७५ मिलिमीटर असेल तर फ्लँजपुढे (हेडर हेडला आवळायच्या पट्टीपुढे) पाइप ६९५ मिलिमीटरचाच लागेल. पोर्टची ही लांबी धरायला पुष्कळ जण विसरतात आणि मग सगळा मेळ खालच्या आरपीएमला सरकतो. उलट वरील लांबी १०० मिलिमीटरने कमी केली तर तोच मेळ साधारण ६८०० आरपीएमला जातो. आपल्या इंजिनाचा रेव्ह लिमिटर (आरपीएम ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी यंत्रणा) त्याआधीच तोडत असेल तर अशा छोट्या पाइपचा काही उपयोग नाही.

व्यासाचेही असेच सूत्र आहे. एका सिलिंडरची क्षमता सीसीत घ्यावी, वरच्या उदाहरणातील ३३.३ ला २५ ने गुणून त्या संख्येने तिला भागावे, वर्गमूळ काढावे आणि २.१ ने गुणावे. १२०० सीसीच्या इंजिनात सिलिंडरला ३०० सीसी येतात, आणि उत्तर १.२६ इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर आतला व्यास असे मिळते. बाहेरून ३५ मिलिमीटर आणि जाडीला दीड मिलिमीटर असा पाइप इथे नेमका बसतो. याच ठिकाणी मोह होतो. दुकानात ४२ किंवा ४८ चा पाइप सहज मिळतो आणि मोठा पाइप म्हणजे मोकळा श्वास असे वाटते. प्रत्यक्षात पाइप मोठा झाला की वायूचा वेग पडतो, लाट क्षीण होते, आणि गाडी वळणातून बाहेर पडताना मधल्या आरपीएमला मलूल होते. शंका असेल तेव्हा लहान माप निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चार पाइप थेट एका कलेक्टरला जोडायचे की आधी दोन-दोन जोडून मग एक करायचे, हा पुढचा प्रश्न. पहिल्या रचनेला फोर-वन आणि दुसऱ्या रचनेला फोर-टू-वन म्हणतात. फोर-वनचा लाभ वरच्या आरपीएमच्या अरुंद पट्ट्यात मिळतो, तर फोर-टू-वन मधला पट्टा भरून काढतो. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्रात जून २०२१ मध्ये उद्घाटन झालेला ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे. तशा ठिकाणी थ्रॉटल पूर्ण उघडून दीर्घकाळ धावायचे असेल तर फोर-वन शोभतो. पण मैदानावर शंकू मांडून घेतलेल्या, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच संपणाऱ्या शर्यतीसाठी मी नेहमी फोर-टू-वनच सुचवीन. त्यात एकूण लांबी तीच ठेवून पहिला टप्पा १५ इंचांचा, म्हणजे ३८० मिलिमीटरचा आणि उरलेला दुसरा टप्पा ३९० मिलिमीटरचा धरावा. दुसऱ्या टप्प्याचा आतला व्यास पहिल्याच्या १.३ पट, म्हणजे ४२ मिलिमीटर, आणि त्यापुढचा मुख्य पाइप ४५ मिलिमीटरच्या आसपास. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ असेल तर १ आणि ४ यांची जोडी करावी आणि २ आणि ३ यांची, म्हणजे प्रत्येक जोडीतले दोन ठोके एकमेकांपासून ३६० अंश दूर राहतात. फोर-वन करताना कलेक्टरच्या तोंडाशी पाइप फायरिंगच्या क्रमाने गोल फिरतील असे लावावेत. दोन पाइप जिथे मिळतात तिथला कोन १५ ते २० अंशांपेक्षा मोठा ठेवू नये.

कागदावरची लांबी गाडीत उतरवणे हे सर्वांत वेळखाऊ काम आहे. जाड गॅल्व्हनाइज्ड तार पोर्टपासून कलेक्टरपर्यंत वाकवत न्यावी आणि तिलाच पाइपचा मध्य मानावा. ३५ च्या पाइपचा दीडपट त्रिज्येचा बेंड घेतला तर मध्यरेषेची त्रिज्या ५२.५ मिलिमीटर होते आणि ९० अंशांच्या वळणात ८२.५ मिलिमीटर लांबी खर्ची पडते, ४५ अंशांच्या वळणात ४१. स्टिअरिंग रॅक, स्टार्टर, ऑइल फिल्टर आणि क्लच केबल यांपासून किमान २५ मिलिमीटर अंतर सोडावे, कारण माउंटिंगवर इंजिन झटक्यासरशी हलते. चारही पाइप अगदी मिलिमीटरपर्यंत समान असावेत हा आग्रह सोडून द्यावा. २० मिलिमीटरचा फरक चालतो, पण तो मिटवण्यासाठी घातलेले एक जादा तीव्र वळण नुकसान करते. बेंड मँड्रेलवर, म्हणजे पाइपच्या आत आधार ठेवून, काढलेलेच घ्यावेत. नुसत्या दाबाने वाकवलेला पाइप वळणात चपटा होतो आणि आपण काटेकोरपणे काढलेला व्यास तिथेच संपतो.

धातूची निवड तापमान आणि प्रसरण या दोन गोष्टींवर अवलंबून असते. मूळ मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा असतो. तो जड असला तरी वर्षानुवर्षे तडकत नाही, हा त्याचा गुण मान्य केला पाहिजे. माइल्ड स्टील स्वस्त आहे, जोडायला सोपे आहे, आणि पहिला प्रयोगाचा हेडर त्याचाच करावा, परंतु ५०० अंशांच्या पुढे त्यावर पापुद्रे धरू लागतात, म्हणून सिरॅमिक लेप आवश्यक ठरतो. स्टेनलेसमध्ये ३०४ हा प्रकार सर्वांत प्रचलित. त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते आणि तो सतत तापूनही ९०० अंशांपर्यंत पापुद्रे धरत नाही. त्याचे प्रसरण मात्र मोठे आहे. ७०० मिलिमीटरचा पाइप ३० अंशांवरून ६५० अंशांवर गेला की सुमारे ८ मिलिमीटर वाढतो, माइल्ड स्टीलचा ६. ही वाढ सामावून घेण्यासाठी कलेक्टरपाशी सरकता सांधा आणि त्यावर स्प्रिंग हवी, नाहीतर फ्लँजजवळचा वेल्डिंगचा टाका फाटतो. शिवाय ४२५ ते ८५० अंशांच्या दरम्यान ३०४ मधले क्रोमियम कार्बनशी जुळून कणांच्या सीमांवर साचते आणि तिथे गंज शिरतो. ३०४एल मध्ये कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच असल्याने हा दोष कमी होतो, आणि ३२१ मध्ये टायटॅनियम मिसळलेले असल्याने तो बराचसा टळतो. विमानांच्या एक्झॉस्टमध्ये ३२१ वापरला जातो तो याचसाठी. दीर्घकाळ पूर्ण थ्रॉटलवर चालणाऱ्या गाडीला ३२१ चा खर्च सार्थकी लागतो. कारखान्यांतून येणाऱ्या गाड्यांच्या सायलेन्सरात आढळणारा ४०९ वरून तांबूस गंजतो, पण त्याचे प्रसरण कमी असते. टायटॅनियम हलके असले तरी ६०० अंशांच्या वर ठिसूळ होते, म्हणून ते हेडरच्या मागच्या भागातच शोभते. इन्कोनेल ६२५ हा निकेलचा मिश्रधातू शर्यतीच्या सर्वोच्च पातळीवर वापरतात, कारण त्याची भिंत एक मिलिमीटरहून पातळ ठेवता येते. आपल्या अंदाजपत्रकात ते बसत नाही.

खरेदीच्या वेळी एक सावधगिरी बाळगावी. जिन्याच्या रेलिंगसाठी विकला जाणारा चकचकीत पाइप बहुधा २०२ असतो. त्यात निकेल कमी, मँगेनीज जास्त, आणि हेडरच्या उष्णतेत तो फार टिकत नाही. चुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण २०२ आणि ३०४ दोन्ही चुंबकाला जवळपास धरत नाहीत. मँगेनीज ओळखणाऱ्या द्रावणाचा थेंब घासलेल्या जागेवर टाकून पाहावा किंवा क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणाऱ्या एक्सआरएफ यंत्रावर तुकडा तपासून घ्यावा, आणि विक्रेत्याकडून मिलचे प्रमाणपत्र मागावे.

फ्लँज १० मिलिमीटरच्या प्लेटमधून लेझरने कापून घ्यावी. जोडकामाच्या वेळी ती एखाद्या निकामी हेडवर किंवा जाड प्लेटवर नटबोल्टने घट्ट आवळून ठेवावी आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नये. तरीही ती थोडी वाकतेच, म्हणून शेवटी मिलिंगवर एक हात फिरवून घ्यावा. पाइपचे तोंड पोर्टपेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठे चालते, लहान मात्र कधीही चालत नाही.

जोडकाम आर्गन वेल्डिंगनेच करावे. ३०४ ला ३०८एल ची काडी, ३२१ ला ३४७ ची आणि स्टेनलेस माइल्ड स्टीलला जोडायचे असेल तर ३०९एल ची. दीड मिलिमीटरच्या पाइपला ४० ते ६० अँपिअर पुरतात. दोन तोंडांत फट राहू नये इतके काटेकोर घासावे, आणि आधी चार ठिकाणी टॅक (छोटे तात्पुरते टाके) मारून गाडीवर बसवून पाहावे. यातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पाइपच्या आतून आर्गन सोडणे. तसे केले नाही तर टाक्याची आतली बाजू हवेत जळते आणि करपलेल्या साखरेसारखी दाणेदार, काळी होते. तिथेच पुढे तडा जातो आणि दाणे सुटून मागच्या भागात जातात. एक तोंड टेपने बंद करून बारीक छिद्र ठेवावे, दुसरीकडून मिनिटाला ३ ते ५ लिटर आर्गन सोडावा आणि आतली हवा निघून जाईपर्यंत थांबावे. काम झाल्यावर टॉर्च लावून आत पाहावे. टाक्याच्या कडेला फिकट सोनेरी रंग असेल तर काम चांगले झाले. सायलेन्सर दुरुस्तीच्या दुकानांत ही पद्धत क्वचितच दिसते. आपल्या सुदैवाने पीथमपूर आणि सांवेर रोड परिसरात औषध कारखान्यांच्या आणि दुग्धशाळांच्या पाइपलाइन जोडणारे कारागीर आहेत, ज्यांना आतून गॅस सोडल्याशिवाय टाका मारायची सवयच नसते. हेडर त्यांच्याकडूनच जोडून घ्यावा.

ऑक्सिजन सेन्सर ज्यात फिरवून बसवतात तो पाइपवरचा बोळा १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि दीड मिलिमीटर पिचच्या आट्यांचा असतो. तो चारही पाइप मिळाल्यानंतरच्या भागात, आडव्या रेषेच्या किमान १० अंश वर बसवावा, म्हणजे सेन्सरमध्ये पाणी साचत नाही. उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्यापेक्षा सिरॅमिक लेप बरा. पट्टी पावसाळ्यात ओल धरून ठेवते आणि माइल्ड स्टीलचा पाइप आतल्या आत खाते.

टर्बोच्या गाडीचे गणित वेगळे आहे. तिथे लाटेच्या वेळेपेक्षा टर्बाइनपर्यंत उष्णता टिकवण्याला आणि मजबुतीला महत्त्व असते, म्हणून पाइप आखूड, भिंत जाड आणि टर्बोचे वजन पेलायला स्वतंत्र ब्रॅकेट हवा.

बसवण्यापूर्वी एक टोक बंद करून दुसऱ्या टोकाने हलका हवेचा दाब द्यावा आणि प्रत्येक टाक्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ असल्याचे सांगतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) विनाकारण पेट्रोल वाढवतो. हेडर बदलल्यावर सिलिंडर भरण्याचे प्रमाण बदलते, त्यामुळे डायनोवर (इंजिनाचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर) ईसीयूमधले इंधन आणि इग्निशनचे नकाशे नव्याने जुळवणे अनिवार्य आहे. चारही पाइपांचे तापमान फ्लँजपासून सारख्याच अंतरावर इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे. एखादा पाइप इतरांपेक्षा बराच थंड किंवा गरम असेल तर हेडरला दोष देण्याआधी तो इंजेक्टर आणि स्पार्क प्लग तपासावा. पहिल्या काही वेळा इंजिन पूर्ण तापून थंड झाले की फ्लँजचे नट पुन्हा आवळावेत, आणि प्रत्येक शर्यतीनंतर फ्लँजलगतचे टाके आणि कलेक्टरमधला मधला कोपरा भिंगाखाली पाहावा, कारण तडा बहुधा याच दोन जागी सुरू होतो.