बेटाचा संसार पर्यटनावर टिकेल का? आकडे हातात घेऊन तपासायची पद्धत

2024 साली मालदीवमध्ये 20 लाखांहून जास्त पर्यटक आले. तोपर्यंतचा तो उच्चांक होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशाची वापरता येण्याजोगी परकीय गंगाजळी जवळपास आटली, पतमानांकन घसरलं आणि ऑक्टोबरमध्ये भारताच्या रिझर्व्ह बँकेने 40 कोटी डॉलर व 3,000 कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीची (आपलं चलन देऊन परकं चलन उसनं घेण्याची) सोय करून दिली. खोल्या भरलेल्या आणि तिजोरीत खडखडाट, दोन्ही एकाच वर्षी. म्हणून "किती पर्यटक आले" या आकड्यावर बेटाच्या अर्थव्यवस्थेचा निकाल लावू नये. दोन गोष्टी शोधाव्यात: आलेल्या डॉलरपैकी बेटावर किती राहतो, आणि पाहुणे पूर्ण बंद झाले तर बेट किती महिने तग धरतं.

पुढची पद्धत कुठल्याही बेटाला लावता येते. इथे मुख्य उदाहरण मालदीवचं घेतलं आहे, कारण तिथे पर्यटनाखेरीज डॉलर आणणारा मोठा धंदा म्हणजे मासळी, त्यातही ट्यूना. त्यामुळे हिशेबात भेसळ कमी. कागदपत्रं चार लागतात: पर्यटन खात्याचे मासिक आकडे, मध्यवर्ती बँकेचं मासिक पत्रक, अर्थसंकल्प आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा त्या देशावरचा अहवाल. ही सगळी इंटरनेटवर फुकट मिळतात.

डोकी नकोत, रात्री मोजा

शंभर पाहुणे आठ रात्री राहिले तर 800 रात्री होतात. पुढच्या वर्षी 110 आले, पण सातच रात्री राहिले, तर 770. बातमी "पर्यटकांत 10 टक्के वाढ" अशी येईल, प्रत्यक्षात धंदा जवळपास 4 टक्क्यांनी घटलेला असेल. म्हणून आवक गुणिले सरासरी मुक्काम हा आकडा आधी काढा.

तोही वर्षाचा एकत्र काढू नका, बारा महिन्यांचे बारा रकाने करा. मालदीवचा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ, तेव्हा खोल्यांचे भाव पाडावे लागतात. पगार, डिझेल आणि कर्जाचे हप्ते मात्र बाराही महिने चालू असतात. सगळ्यात वाईट महिन्याच्या रात्री गुणिले बारा, एवढंच उत्पन्न भरवशाचं धरा. त्यावरचं सगळं हंगामाची कृपा.

बिलातला डॉलर कुठे जातो

गंमत नाही, खरं उत्तर याच पायरीत दडलेलं असतं, तेव्हा इथे घाई नको. एका जोडप्याचं रिसॉर्टचं पाच रात्रींचं बिल घेऊ. खोली 400 डॉलर रात्र धरली, म्हणजे 2,000. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 200. या 2,200 वर पर्यटन जीएसटी 17 टक्के (जुलै 2025 पासूनचा दर, 2011 मध्ये तो 3.5 टक्क्यांपासून सुरू झाला होता), म्हणजे 374. ग्रीन टॅक्स माणशी रोज 12 डॉलर, दोघांचे पाच दिवसांचे 120. एकूण 2,694 डॉलर.

कर आणि ग्रीन टॅक्स मिळून 494 सरकारकडे गेले, ते देशात राहिले. उरलेल्याची वाटणी समजण्यापुरती अशी धरू (हे आकडे गृहीत आहेत; तुमच्या बेटाचे मिळतील तसे बदला): परदेशी टूर कंपनी किंवा बुकिंग संकेतस्थळाचं कमिशन 400; धान्य, मांस, मद्य, डिझेल, सुटे भाग यांची आयात 550; पगार 350, त्यातले 200 परदेशी कामगारांचे; बेटाचं सरकारी भाडं 150; बँकेचं व्याज आणि हॉटेल ब्रँडची व्यवस्थापन फी 250; मालकाचा नफा 300. बेरीज 2,000, म्हणजे खोलीची रक्कम. सर्व्हिस चार्जमधले निम्मे, म्हणजे 100, स्थानिक कर्मचाऱ्यांना मिळाले असं समजा.

आता फक्त बेटावर राहिलेलं एकत्र करा: 494 + 150 भाडं + 150 स्थानिक पगार + 100 = 894. एकूण बिलाच्या 33 टक्के. मालक स्थानिक असून नफा घरी आणत असेल तर 1,194, म्हणजे 44 टक्के. नफा सिंगापूर किंवा दुबईच्या खात्यात पडून राहिला तर परत 33. ही शंका काल्पनिक नाही. 2024 च्या ऑक्टोबरपासून मालदीवच्या मध्यवर्ती बँकेने रिसॉर्टांना दर पर्यटकामागे 500 डॉलर आणि गेस्टहाऊसना 25 डॉलर स्थानिक बँकेत बदलून घेण्याची सक्ती केली. डॉलर आपणहून घरी येत असते तर सक्ती करावी लागली नसती.

इथे बहुतेकांची चूक होते ती अशी: 33 टक्के राहिले म्हणून थांबतात. राहिलेला डॉलरही दुसऱ्या फेरीत निसटतो. राजधानी मालेतला कर्मचारी पगारातून तांदूळ, अंडी, कांदे घेतो आणि ते सगळं जहाजातून आलेलं असतं. भारत मालदीवला दरवर्षी जीवनावश्यक वस्तूंचा खास निर्यात कोटा देतो. 2024-25 चा कोटा बघा: कांदा 35,749 टन, तांदूळ 1,24,218 टन, अंडी 42.75 कोटी आणि बांधकामासाठी नदीची वाळू 10 लाख टन. डिसेंबर 2023 मध्ये आपल्याकडे कांद्याला निर्यातबंदी लागली, तेव्हाही मालदीवचा कोटा वेगळा ठेवला होता. कोटा म्हणजे प्रत्यक्ष आयात नव्हे, पण किनाऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेला देश घर बांधायची वाळूही बाहेरून आणतो, यावरून गळती कुठवर पोचते ते कळतं.

गेस्टहाऊसचा हिशेब वेगळा निघतो. 2009-10 पर्यंत पर्यटकांना राहायला वस्ती नसलेली रिसॉर्टची बेटंच होती. त्यानंतर वस्तीच्या बेटांवरही परवानगी मिळाली आणि माफुशीसारखं बेट पाहुण्यांनी गजबजलं. तिथला पाहुणा खर्च कमी करतो, पण घरमालक, बोटवाला, खाणावळवाला गावचेच असतात. दुसरा फायदा बायकांचा. रिसॉर्टचं बेट म्हणजे घरापासून महिनोन्महिने दूर राहणं, ते बऱ्याच घरांना मान्य नसतं. गेस्टहाऊसचं काम घराजवळ मिळतं. आमच्या मते बेटावर राहणाऱ्या डॉलरची टक्केवारी वाढवायचा हाच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, फक्त पुढे सांगितलेली पाण्या-मैल्याची अट पाळली तर.

झटपट खूण हवी असेल तर चलनाचा बाजार बघा. मालदीवच्या रुफियाचा अधिकृत भाव 2011 पासून डॉलरला 15.42 च्या मर्यादेला चिकटलेला आहे. रस्त्यावर डॉलर याहून महाग मिळत असेल, तर बेटावर येणारा डॉलर बेटात पोचत नाही.

मोठं गिऱ्हाईक रुसलं तर

देशवार आवक उतरत्या क्रमाने लावा, पहिला देश खोडा आणि बेरीज पुन्हा करा. 2023 मध्ये मालदीवला भारतातून सुमारे 2 लाख 9 हजार, रशियातूनही जवळपास तितकेच आणि चीनमधून 1 लाख 87 हजार लोक आले. एकूण आवक 18 लाख 78 हजार, म्हणजे पहिल्या तिघांचा वाटा 32 टक्के. जानेवारी 2024 मध्ये भारत आणि मालदीव यांच्यात लक्षद्वीपवरून वाद पेटला आणि त्या वर्षी भारतीयांची संख्या सुमारे 1 लाख 30 हजारांवर आली. तरी एकूण आकडा वाढला, कारण चिनी पर्यटक परतले होते. एकाच देशावर विसंबायचं नाही, हे पथ्य मालदीवने नीट पाळलेलं आहे.

पॅसिफिक महासागरातल्या पलाऊने ते पाळलं नव्हतं. 2015 मध्ये तिथले निम्म्याहून जास्त पर्यटक चिनी होते. पलाऊचे तैवानशी राजनैतिक संबंध, आणि ते चीनला खुपतात. 2017 च्या अखेरीस चीनने आपल्या टूर कंपन्यांना तिकडे लोक नेऊ नका असं सांगितलं आणि पुढच्या वर्षी तिथल्या एका विमान कंपनीला सेवा थांबवावी लागली. आमची मर्यादा अशी: एका देशाचा वाटा 20 टक्क्यांच्या वर गेला की सावध व्हा, 35 च्या वर गेला की त्या बेटाचं परराष्ट्र धोरण गिऱ्हाईकाच्या हातात आहे असं समजा. हीच तपासणी विमान कंपन्या आणि टूर कंपन्या यांनाही लावा. ब्रिटनची टूर कंपनी थॉमस कुक सप्टेंबर 2019 मध्ये बुडाली तेव्हा ग्रीक बेटांपासून गोव्याच्या चार्टर विमानांपर्यंत सगळीकडे त्याचा फटका बसला होता.

शून्य पाहुण्यांचे महिने

वर्षाकाठी 10 टक्के घट धरून केलेली कसोटी बेटाच्या कामाची नाही. बेटावर घट येते ती अर्धीमुर्धी नसते. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर मालदीवची आवक 6 लाख 17 हजारांवरून 2005 मध्ये 3 लाख 95 हजारांवर आली, म्हणजे 36 टक्के घट. कोविडमध्ये 27 मार्च ते 15 जुलै 2020 देश पूर्ण बंद होता. आवक 17 लाखांवरून साडेपाच लाखांवर आली आणि देशाचं उत्पन्न एक तृतीयांशाने घसरलं.

गणित असं करा. महिन्याचं आयात बिल घ्या. त्यातून पर्यटकांसाठीच होणारी आयात वजा करा, ती थांबेल. मासळी वगैरेचे डॉलर वजा करा. पुढच्या बारा महिन्यांतल्या परदेशी कर्जाच्या हप्त्यांचा बारावा हिस्सा मिळवा. समजा (कोटी डॉलरमध्ये) 30 वजा 10 वजा 6 अधिक 4, म्हणजे महिन्याला 18. गंगाजळी 54 असेल तर तीन महिने निघतात. एरवी तीन महिन्यांच्या आयातीइतकी गंगाजळी बरी मानतात. निव्वळ पर्यटनावरच्या बेटाला ती पुरत नाही. सीमा उघडल्या तरी खोल्या भरायला वेळ लागतो, म्हणून निदान आठ-नऊ महिने धरा. आणि गंगाजळीचा "एकूण" आकडा घेऊ नका. व्यापारी बँकांनी ठेवलेली रक्कम आणि तातडीची देणी वजा करून उरते ती "वापरता येण्याजोगी". 2024 मध्ये फसगत झाली ती या दोन आकड्यांतल्या फरकाने.

चक्रीवादळाच्या पट्ट्यातलं बेट असेल तर विमा बघा, पण त्यावर विसंबू नका. 2017 च्या मारिया वादळात कॅरिबियनमधल्या डॉमिनिका या बेटाचं नुकसान सुमारे 130 कोटी डॉलर झालं, तिथल्या आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या 226 टक्के. कॅरिबियन देशांच्या सामायिक आपत्ती विम्यातून मिळाले सुमारे 1 कोटी 90 लाख. तो पैसा लवकर येतो हे त्याचं मोल. घरं, रस्ते आणि हॉटेलं त्यातून उभी राहत नाहीत.

दुसरा पाय आहे का

मॉरिशस 1968 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा उसावर उभा होता. 1970 मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा आला, कापड कारखाने आले, मग पर्यटन, मग वित्तसेवा. कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही तिथे आहेत आणि शाळांतून मराठी शिकवली जाते. त्यांच्याच दोन-तीन पिढ्यांनी मळा, गिरणी आणि कार्यालय हा सगळा प्रवास पाहिला. 2020 मध्ये मॉरिशसचं उत्पन्न सुमारे 15 टक्क्यांनी घसरलं. मालदीवच्या घसरणीच्या निम्म्याहून कमी. मॉरिशसचेही किनारे ओस पडले होते, पण बाकीचे धंदे चालू होते. म्हणून तपासताना पर्यटनाखेरीजचे डॉलर वेगळे काढा आणि त्यातून निदान धान्य आणि इंधन एवढं तरी भागतं का ते बघा. भागत असेल तर पर्यटन खुशाल वाढवावं. भागत नसेल तर नवीन रिसॉर्टच्या परवान्याआधी शीतगृह, मासळी प्रक्रिया आणि सौरऊर्जा यांवर पैसा घालावा. सौरऊर्जेने डॉलर कमावला जात नाही, पण डिझेलवर जाणारा वाचतो, आणि वाचलेल्या डॉलरला हंगाम नसतो.

पाणी आणि मैला

4 डिसेंबर 2014 ला मालेतल्या समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात आग लागली. एका आगीने लाखावर लोकांच्या राजधानीचे नळ कोरडे पडले आणि भारताने विमानांनी व आयएनएस सुकन्या, आयएनएस दीपक या जहाजांनी पाणी पोचवलं. फिलिपिन्सचं बोराकाय बेट सांडपाणी समुद्रात सोडल्यामुळे 26 एप्रिल 2018 पासून सहा महिने सरकारनेच बंद ठेवलं. पाहुणे भरपूर होते; पाइप पुरे पडले नाहीत.

आपल्याकडे हाच हिशेब लक्षद्वीपला लावायला हवा. रुपया चालत असल्याने तिथे गंगाजळीची पायरी गाळता येते, पाण्याची नाही. संपूर्ण द्वीपसमूहाची जमीन 32 चौरस किलोमीटर. प्रवाळाच्या बेटाखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत असतो; जास्त उपसा केला की विहीर खारट होते. तिथली राजधानी कवरत्तीला 2005 मध्ये बसवलेला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प रोज एक लाख लिटरचा. 2011 च्या जनगणनेतले तिथले रहिवासी 11 हजारांच्या वर, म्हणजे माणशी रोज नऊ लिटर. हॉटेलच्या पाहुण्याला काटकसरीने 250 लिटर धरले, तर तो सगळा प्रकल्प 400 पाहुण्यांतच संपतो. खोल्या किती बांधायच्या हे ठरवण्याआधी नवा प्रकल्प किती लिटरचा, तो कुठल्या विजेवर चालणार आणि बंद पडला तर टाकीत किती दिवसांचं पाणी असेल, एवढे तीन आकडे कागदावर मागून घ्या.