पाणी कमी अडेल असं पोहायचं कसं?

पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांची एक खोड जात नाही: मान कायम पाण्याबाहेर. बुडायचं नाही, एवढंच तेव्हा शिकलेलं असतं. मीही त्यातलाच. पुढे तरणतलावात दोन फेऱ्यांतच धाप लागली की वाटतं, हातात जोर नाही. जोर असतो, पण तो पाणी रेटण्यात संपतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन, आणि वेग दुप्पट केला की त्याचा विरोध साधारण चौपट होतो. म्हणून जोर नंतर, आधी अंगाचा आकार.

१. भिंतीला पाय लावून ढकला, तोंड पाण्यात ठेवा आणि काहीही न हलवता सरकत राहा. कुठवर गेलात ते काठाच्या फरश्यांवरून मोजा. आता हातावर हात, कोपरं सरळ, दंड कानांना चिकटलेले, पायांची बोटं मागे ताणलेली, असं पुन्हा करा. जोर तेवढाच, पण चार-दोन फरश्या जास्त मिळतील.

२. नजर तळाकडे. सगळ्यात जास्त फायदा इथे आहे. डोकं वर काढलं की कंबर आणि पाय खाली जातात, मग छाती, पोट, मांड्या सगळं पाण्याला आडवं येतं. घरी पाण्याच्या टबात ताटली धार पुढे करून सरकवा, मग तीच उभी धरून सपाट बाजूने ढकला. मनगटाला लगेच कळेल.

३. श्वास घेताना डोकं उचलायचं नाही, अंगासोबत कुशीला वळवायचं. गॉगलची एक काच पाण्यातच राहिली, तर जमलं.

४. पाय कमरेपासून मारा. सायकल चालवल्यासारखे गुडघे दुमडले की मांडी ब्रेक लावते.

५. भिंत सोडल्यावर थोडं खोल राहा. पृष्ठभागावर आपण लाटा उठवतो आणि त्यात ताकद जाते. स्पर्धेत फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, बटरफ्लाय या पोहण्याच्या प्रकारांत १५ मीटरपर्यंत डोकं वर यावंच लागतं, असा नियम आहे, कारण पाण्याखालूनच जास्त वेगाने जाता येतं. श्वास कोंडून लांब जायच्या पैजा मात्र लावू नका, त्यात माणसं बेशुद्ध होतात.

६. खिशांची बर्म्युडा घरी ठेवा, खिसे पाण्याने फुगतात. अंगाला घट्ट बसणारा कॉस्च्यूम आणि टोपी पुरे. कपड्याने किती फरक पडतो? २००९च्या रोम जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचे सूट घालून पोहणाऱ्यांनी ४३ विश्वविक्रम केले, आणि २०१०पासून त्या सूटवर बंदीच आली.

७. हाताला मात्र हाच विरोध हवा असतो. पाण्यात हात गेला की कोपर वर ठेवून तळवा आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उभा करा आणि पाणी सरळ मागे ढकला. बोटं आवळू नका, किंचित फट राहिली तर चालते. तळव्यावर दाब जाणवला पाहिजे. हात नुसताच सुळकन मागे गेला, तर पाणी निसटलं.