कॉपी-ऑन-राइट फाइल सिस्टिम मंदावली? या चुका टाळा

लोअर परळच्या एका छोट्या ऑफिसात दुपार झाली की सर्व्हर रखडायचा. "दादा, डिस्क गेली वाटतं. लॅमिंग्टन रोडवरून नवी आणू का?" तिथल्या पोराने विचारलं. मी त्याला थांबवलं. डिस्क ठणठणीत होती. बीटीआरएफएस या लिनक्सच्या कॉपी-ऑन-राइट फाइल सिस्टिमवर असलेली व्हर्च्युअल मशीनची (सॉफ्टवेअरने चालणाऱ्या संगणकाची) फाइल, तुकडे मोजणाऱ्या 'फाइलफ्रॅग' कमांडने तपासली, तर तिचे लाखावर तुकडे झालेले.

म्हणून पहिली चूक: तुकडे न मोजता डिस्क बदलणं. कॉपी-ऑन-राइट फाइल सिस्टिममध्ये जुन्या ब्लॉकवर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाच्या जुन्या तुकड्यावर, लिहीत नाहीत. बदल नव्या जागी लिहायचा, मग पत्ता फिरवायचा. त्यामुळेच मध्येच वीज गेली तरी जुना डेटा शाबूत राहतो आणि स्नॅपशॉट, म्हणजे त्या घडीच्या डेटाचं जतन केलेलं चित्र, क्षणात निघतो. पण डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन एकाच मोठ्या फाइलमध्ये जागोजागी बारीक बदल करत राहते, आणि फाइल डिस्कभर विखुरते. फिरत्या डिस्कवर याचा फार त्रास होतो, एसएसडीवर कमी.

बीटीआरएफएसवर उपाय म्हणजे फोल्डरला 'चॅटर +सी' (chattr +C, मोठा C) ही कमांड लावून कॉपी-ऑन-राइट बंद करणं. ते रिकाम्या फोल्डरला लावा आणि व्हर्च्युअल मशीन बंद करून फाइल त्यात कॉपी करा. नुसती हलवून चालत नाही, कारण डेटा असलेल्या फाइलला हा गुण लागत नाही. मात्र अशा फाइलचे चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखणारे आकडे) आणि कॉम्प्रेशन दोन्ही जातात. हिशेबाच्या डेटावर मी बॅकअप परत उघडून पाहिल्याशिवाय हे करत नाही, तुम्हीही करू नका. शिवाय दर तासाला स्नॅपशॉट घेत राहिलात तर फायदा बराचसा वाया जातो: प्रत्येक स्नॅपशॉटनंतर ब्लॉकवरचं पहिलं लिखाण पुन्हा नव्या जागीच जातं.

दुसरी चूक: त्या पोराने आदल्या रात्री डीफ्रॅगही (फाइलचे तुकडे सलग जोडणं) चालवलं होतं. स्नॅपशॉटशी सामायिक असलेल्या ब्लॉकच्या डीफ्रॅगमुळे वेगळ्या प्रती झाल्या आणि डिस्क जवळजवळ भरली. मग घाबरून त्याने फाइली पुसल्या, तरी जागा सुटेना. स्नॅपशॉटने त्या धरून ठेवल्या होत्या. आधी जुने स्नॅपशॉट पुसायचे.

झेडएफएस ही दुसरी कॉपी-ऑन-राइट फाइल सिस्टिम वापरत असाल तर रेकॉर्डसाइझ, म्हणजे ती एका वेळी लिहिते त्या तुकड्याचा कमाल आकार, बघा. ती मुळात 128 केबी असते, पोस्टग्रेस या डेटाबेसचं पान 8 केबीचं. एवढ्याशा बदलासाठी अख्खा रेकॉर्ड नव्याने लिहिला जातो. डेटा भरण्याआधीच 8 किंवा 16 केबी ठेवा. जुन्या फाइलींना नवा आकार लागू होत नाही. आणि पूल (झेडएफएसने एकत्र केलेली डिस्कची जागा) काठोकाठ भरू देऊ नका, 80 टक्क्यांपाशीच आवरा.

लोअर परळला आम्ही जुने स्नॅपशॉट पुसले आणि शनिवारी रात्री फाइल नव्या फोल्डरमध्ये उतरवली. डिस्क तीच आहे.