जमिनीखालच्या चिचू कलासंग्रहालयाची भेट कशी आखावी

जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रातील नाओशिमा या लहानशा बेटावर २००४ मध्ये उघडलेले चिचू कलासंग्रहालय बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. ‘चिचू’ या शब्दाचाच अर्थ ‘जमिनीच्या आत’ असा आहे. किनाऱ्यावरील टेकडीचे रूप बिघडू नये म्हणून वास्तुकार तादाओ आंदो यांनी ही वास्तू टेकडीच्या पोटात बांधली आणि वर चौकोन, त्रिकोण अशा आकारांची मोकळी तोंडे ठेवली. आत फ्रेंच चित्रकार क्लोद मोने आणि अमेरिकन कलावंत वॉल्टर डी मारिया व जेम्स टरेल या तिघांच्याच कलाकृती कायमस्वरूपी मांडलेल्या आहेत. वास्तू जमिनीखाली असूनही मोनेची चित्रे आणि डी मारियाचे दालन वरून उतरणाऱ्या सूर्यप्रकाशातच पाहायचे असते, त्यामुळे ऋतू, हवामान आणि घटका यांनुसार तेच दालन निराळे दिसते. म्हणूनच या भेटीची आखणी प्रवासापासून नव्हे, तर उजेडापासून सुरू करावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

पहिली पायरी : दिवस आणि वेळ निवडणे

संग्रहालय सोमवारी बंद असते. सोमवारी राष्ट्रीय सुट्टी आल्यास ते उघडे राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवले जाते. मार्च ते सप्टेंबर या काळात ते सकाळी १० ते सायंकाळी ६ आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात ५ वाजेपर्यंत उघडे असते, आणि शेवटचा प्रवेश त्याच्या एक तास आधी मिळतो. तरीही निघण्यापूर्वी त्या महिन्याचे वेळापत्रक संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहावे, कारण देखभालीसाठीही काही दिवस दारे बंद असतात.

प्रवेशाचे तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि ते ऑनलाइन आधीच काढून ठेवावे. तिकिटावरील वेळ ही आत शिरण्याची असते. माझ्या मते शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात दुपारी दोनच्या सुमारास आत जावे. सूर्य कलू लागलेला असतो, आणि तासा-दीड तासाने त्याच दालनात परतल्यावर फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. आकाशात ढग असले तर मन खट्टू करू नये. ढग सरकतात तशी भिंतींची आणि चित्रांची छटा बदलत जाते, आणि ती पाहण्याचा आनंद लख्ख उन्हात मिळत नाही. मात्र जून-जुलैमधील संततधार पाऊस आणि त्यानंतरचा वादळांचा काळ शक्यतो टाळावा, कारण समुद्र खवळला की बोटीच बंद होतात. दर तीन वर्षांनी या बेटांवर सेतोउची त्रैवार्षिक कला महोत्सव भरतो. त्या वर्षी तिकिटे आणि मुक्कामाची जागा फार लवकर भरते.

तिकीट हाती आल्यावरच बोट, रेल्वे आणि निवास ठरवावा. अनेक जण नेमका उलटा क्रम धरतात आणि बेटावर पोहोचून संग्रहालयाच्या दारातून परततात. भारतीय पारपत्रधारकांनी जपानचा व्हिसाही आधीच घेतलेला असावा.

दुसरी पायरी : बेटापर्यंत पोहोचणे

ओसाकाहून शिन्कान्सेन रेल्वेने ओकायामा पाऊण तासावर आहे. तेथून स्थानिक गाडीने उनो हे बंदराचे स्थानक गाठावे. बहुतेक वेळा वाटेत चायामाची येथे गाडी बदलावी लागते. उनोहून नाओशिमाच्या मियानोउरा बंदरापर्यंत बोटीने सुमारे २० मिनिटे लागतात. शिकोकू बेटावरील ताकामात्सुहून आल्यास साधी बोट सुमारे ५० मिनिटे घेते. मोठ्या बॅगा ओकायामा स्थानकावरील लॉकरमध्ये ठेवून फक्त पाठीवरची पिशवी घेतली, तर पुढचा सगळा दिवस सुकर होतो.

मियानोउराहून गावची बस त्सुत्सुजी-सो थांब्यापर्यंत जाते आणि तेथून संग्रहालयाकडे जाणारी मोफत शटल बस मिळते. बसच्या फेऱ्या मोजक्या असतात आणि बोटीतून उतरलेले सगळे प्रवासी एकाच बसकडे धावतात, तेव्हा बोट आणि प्रवेशाची वेळ यांमध्ये किमान दीड तास मोकळा ठेवावा. भाड्याची सायकल घ्यायची असल्यास विजेवर चालणारी घ्यावी; रस्त्याचा चढ चांगलाच दम काढतो.

जेवणाचा विचार शाकाहारी मंडळींनी आधीच करावा. साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये किंवा नूडल्सच्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो. खारवलेले आंबट उमे फळ भरलेला भाताचा गोळा, म्हणजे ओनिगिरी, दुकानात मिळतो. घरून नेलेला चिवडा किंवा दशम्याही बोटीची वाट पाहताना उपयोगी पडतात. दालनांमध्ये मात्र खाद्यपदार्थ काढू नयेत.

तिसरी पायरी : आत शिरल्यावर

तिकीट केंद्र मुख्य वास्तूपासून थोडे दूर आहे आणि मधल्या वाटेवर मोनेच्या फ्रान्समधील जिव्हर्नी येथील बागेतील झाडाफुलांच्या आठवणीने केलेली छोटी बाग लागते. तेथे दहा मिनिटे थांबावे, कारण पुढे दिसणाऱ्या कमळांची ओळख इथेच होते. आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, म्हणून मोबाइल पिशवीतच ठेवावा. सहज निघणारी पादत्राणे आणि स्वच्छ मोजे घालावेत.

उघड्या आकाशाच्या चौकोनी अंगणातून, सरळ उभ्या वाढलेल्या हिरव्या वनस्पतींच्या कडेने, काँक्रीटच्या अंधाऱ्या वाटेत शिरताना घाई करू नये. अजिंठ्याच्या लेण्यात उन्हातून आत गेल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे काहीच दिसत नाही आणि मग हळूहळू भिंतीवरचे चेहरे उमलू लागतात, हे आपल्याकडे अनेकांनी अनुभवले आहे. तीच सबुरी येथे लागते.

मोनेच्या दालनात जाण्यापूर्वी पादत्राणे काढून तेथील स्लिपर घालाव्या लागतात. पायाखाली सुमारे दोन सेंटिमीटर बाजूच्या पांढऱ्या संगमरवरी तुकड्यांची जमीन आहे आणि त्या तुकड्यांची संख्या ७ लाख आहे. भिंतींवर ‘वॉटर लिलीज’ (पाण्यातील कमळे) मालिकेतील पाच चित्रे आहेत. त्यांतील सर्वांत मोठे दोन फलकांचे मिळून २ मीटर उंच आणि ६ मीटर रुंद आहे. प्रथम दूर, दालनाच्या दारातच उभे राहावे, मग मध्यभागी यावे आणि शेवटी एकाच चित्राजवळ जाऊन रंगाचे जाड फटकारे पाहावेत. जवळून केवळ जांभळ्या-हिरव्या रेघोट्या वाटणारे रंग चार पावले मागे सरकताच पाणी होतात.

टरेलच्या ‘ओपन फील्ड’ या कृतीत थोड्याच जणांना एका वेळी सोडतात. काळ्या पायऱ्या चढून निळ्या प्रकाशाच्या ज्या ‘पडद्या’समोर आपण उभे राहतो, तो पडदा नसून खोलीच असते, आणि सेवकाने सांगितल्यावर तिच्यात पाऊल टाकायचे असते. इथे रांग दिसल्यास आधी डी मारियाच्या दालनाकडे वळावे. तेथे रुंद पायऱ्यांच्या मधोमध २.२ मीटर व्यासाचा काळा ग्रॅनाइटचा गोल आहे आणि भोवती सोन्याचा मुलामा दिलेल्या २७ लाकडी कृती आहेत. दालनाचे प्रवेशद्वार पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळ आणि संध्याकाळ यांची सावली वेगळ्या बाजूने पडते. पायऱ्या चढून वर जावे आणि मागे वळून गोलात उमटलेले छताचे प्रतिबिंब पाहावे. माझ्या लेखी संपूर्ण संग्रहालयातील ही सर्वांत विलक्षण जागा आहे.

सगळे पाहून झाल्यावर मोनेकडे पुन्हा एकदा जावे. एकूण वेळ अडीच तास धरावा; लहान मुले सोबत असल्यास मधे उपाहारगृहाबाहेर समुद्रासमोर बसता येते.

ज्यांना शक्य असेल त्यांनी बेटावर एक रात्र राहावे. काही शुक्रवारी आणि शनिवारी सूर्यास्ताच्या वेळी टरेलच्या ‘ओपन स्काय’ या दालनात, छताच्या चौकोनातून आकाशाचा रंग बदलताना पाहण्याचा खास कार्यक्रम असतो. त्याची नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते, आणि तो संपेपर्यंत परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ होत आलेली असू शकते, म्हणून कार्यक्रमाची नोंदणी करतानाच त्या रात्रीच्या खोलीचीही नोंदणी करून टाकावी.